जामखेडने पंडितांना काय शिकवले?

श्रोतेहो, विद्यापीठाने शिकवावे आणि खेड्याने शिकावे, असेच आपण धरून चालतो, नाही का? पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडचा इतिहास निराळा आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांनी आधी याच जिल्ह्यात, वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ती दोघे सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकली. तेथे प्रा. कार्ल टेलर हे त्यांचे गुरू. १९७० साली दोघांनी जामखेडला बिऱ्हाड थाटले. त्या वेळी या भागात जन्मलेल्या हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आतच दगावत.

आधी शिकलेल्या परिचारिका गावोगावी ठेवून पाहिल्या. पण परक्या गावात त्या राहीनात! मग गावातलीच बाई शिकवायची ठरले. अनेकजणी दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या जामखेडला येत, सगळ्या जातींच्या बाया एकत्र बसून जेवत. जुलाब झालेल्या मुलाला मीठसाखरेचे पाणी कसे पाजावे, गरोदरपणी काय खावे, हे शिकून त्या घरोघर सांगत. शेजारणीचे बोलणे शेजारणीला पटते, हे काही ग्रंथातून कळले नव्हते. ते गावाने दाखवले.

दुष्काळात विंधनविहिरी खणल्या, त्या दलित वस्तीत. तहान लागली की सगळ्यांनी तिथेच यायचे. शिवाशिव हीसुद्धा रोगाचीच एक मुळी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

कुणी म्हणेल, मुलांचे मृत्यू तर सगळीकडेच घटले. प्रश्न रास्त आहे. म्हणून संशोधकांनी या गावांची इतर गावांशी तुलना केली. ती २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली. एक महिना ते पाच वर्षे या वयात मृत्यूचा धोका इथे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. तेवढे काम उरले होते, असेच म्हणायचे.

तेव्हा शिक्षक बंधूभगिनींनो, उद्या कुणी विद्वान वही घेऊन तुमच्या गावात आला, तर माहिती जरूर द्या. पण विचारा, "यातून निघेल ते आम्हाला वाचून दाखवाल ना? आणि पुढचे काम आमच्या बरोबर बसून ठरवाल ना?"