पाडण्याचा अखत्यार आणि त्याची हद्द

सन 1850 च्या 26 व्या कायद्याने, रहिवाशांनी अर्ज केल्यास गावच्या सुधारणेसाठी नगरपालिका स्थापण्याची तजवीज झाली. आणि त्या शतकाच्या मध्याला सोलापुरात आलेली ही संस्था, मातीच्या भिंती व वर जड माळवद असलेल्या पेठांतील घरांमुळे, पडक्या वास्तूंच्या प्रश्नाला प्रथमपासूनच बांधली गेली. सततच्या पावसात मुरलेले माळवद केव्हा खचेल याचा नेम नसे. तेव्हा मालकाची मर्जी सार्वजनिक जीविताच्या आड येऊ देता येईना.

1 मे 1964 रोजी महानगरपालिका झाल्यावर 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम 264 येथे लागू झाले. मोडकळीस आलेली वास्तू पाडा, दुरुस्त करा अथवा टेकू देऊन सुरक्षित करा, असे आयुक्तांनी लेखी फर्मावावे. मालकाने न ऐकल्यास ते काम पालिकेने करून खर्च वसूल करावा, असा तो क्रम. परंतु हे कलम धोक्याचे आहे, कुरूपतेचे नव्हे: रंग उडालेला, ओसाड वाडा डोळ्यांस खुपतो एवढ्या सबबीवर त्यास कुदळ लावता येत नाही, घाणीपुरती आरोग्याची कलमे निराळी आहेत.

खुद्द सरकारचा हातही सोलापुरात असाच अडला होता. ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडलेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलचा कारभार जानेवारी 1950 च्या वटहुकुमाने ताब्यात घेतला गेला; पण भरपाईवाचून मालमत्ता हिरावणे घटनाबाह्य होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1953 मध्ये दिला. पुढे सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी, जी विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरली होती आणि पालिकेने अनधिकृत ठरवली होती, ती वर्षानुवर्षांच्या नोटिसा, सुनावण्या व न्यायालयीन वादानंतर 15 जून 2023 रोजी काही क्षणांत जमीनदोस्त झाली.

या विलंबाला दिरंगाई म्हणणाऱ्याने एका खोलीच्या भाडेकरूचाही विचार करावा. कारण धोक्याचा शेरा मारून घेऊन त्यास उठवणे मालकाच्या सोयीचे असू शकते, आणि तेथे नोटीस व सुनावणी हीच त्याची ढाल असते. कोसळण्याच्या बेतातील घर तत्काळ रिकामे करविण्याचा अखत्यार कायद्याने पालिकेस दिलाच आहे. माणसे एका तासात हलवावीत, पण घराचा निकाल मात्र रीतसर लावावा, हीच या अधिकाराची योग्य हद्द होय.