पाटण्याचे कवच आणि नावाचा प्रश्न

शहामृग म्हटला की काकतीच्या विद्यार्थ्यालाही आफ्रिकाच आठवते. परंतु जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात त्याच्या अंड्यांची कवचे मिळाली आहेत. काहींचे मणी केलेले, एकावर तर रेषा कोरलेल्या. वय सुमारे २५,००० वर्षे.

या नामशेष पक्ष्याला कोणते नाव द्यावे? १८७१ मध्ये मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच पंडिताने शिवालिकच्या हाडांना ‘स्ट्रुथिओ एशियाटिकस’ म्हटले होते. पण ती हाडे लाखो वर्षांची. कवचेही त्याच पक्ष्याची मानणे मला उतावळेपणाचे वाटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या संशोधनात अशाच भारतीय कवचातील डीएनए वाचला गेला आणि नाते आफ्रिकेच्या ‘स्ट्रुथिओ कॅमेलस’शी जुळले. ते कवच पाटण्याचे नव्हते. म्हणून पाटण्याच्या कवचापुढे मी नुसते ‘शहामृग’ एवढेच लिहितो.