ध्रुवीय संशोधकांचा पिरॅमिड तंबू

अंटार्क्टिकातील संशोधन म्हटले, की पक्क्या बांधणीची केंद्रे डोळ्यांसमोर येतात. मात्र हिमस्तरांची जाडी मोजणे, खडकांचे नमुने गोळा करणे अशी कामे केंद्रापासून दूर, उघड्या बर्फावर करावी लागतात. तेथे अनेक आठवडे संशोधकांना आसरा देतो तो कापडी तंबूच. त्यातील शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलेला प्रकार म्हणजे पिरॅमिड तंबू. रॉबर्ट फाल्कन स्कॉट या ब्रिटिश दर्यावर्दी संशोधकाच्या नावावरून त्याला 'स्कॉट तंबू' असेही म्हणतात.

शेंड्याशी एकत्र जोडलेले चार दांडे हा आजच्या पिरॅमिड तंबूचा सांगाडा होय. कापड दांड्यांना आधीच जोडलेले असल्याने जोरदार वाऱ्यातही दोन-तीन माणसे तो छत्रीप्रमाणे उघडून उभा करू शकतात. कापडाच्या तळाशी चहूबाजूंनी रुंद झालर असते. तिच्यावर बर्फाचे ठोकळे आणि सामानाच्या पेट्या रचल्या, की वाऱ्याला खालून शिरण्यास वाव राहत नाही. आत जाण्याचा मार्ग कापडी बोगद्यासारखा असतो. रांगत आत गेल्यावर त्याचे तोंड दोरीने आवळून घेतले जाते.

वाऱ्याइतकाच मोठा शत्रू म्हणजे आतील बाष्प. श्वासातून आणि स्वयंपाकातून निघणारी वाफ थंड कापडावर गोठते. म्हणून तंबूला आतून दुसरे अस्तर असते आणि शेंड्याजवळ हवा खेळती ठेवण्यासाठी झरोका ठेवलेला असतो. बाहेरील थरासाठी व्हेंटाइल नावाचे घट्ट विणीचे सुती कापड वापरले जाते. समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांच्या पोशाखासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मँचेस्टर येथे विकसित झाले. भिजल्यावर त्याचे धागे फुगून छिद्रे बुजतात; कोरडे असताना मात्र त्यातून बाष्प बाहेर पडू शकते.

या तंबूची खरी कसोटी १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात लागली. एम्परर पेंग्विनची अंडी मिळविण्यासाठी स्कॉट यांच्या मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड हे तिघे केप क्रोझिअरकडे निघाले. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. त्यांचा दुहेरी तंबू निघताना सुमारे १६ किलो वजनाचा होता. परतेपर्यंत, मुख्यतः अस्तरावर साठलेल्या बर्फामुळे, तो सुमारे २७ किलोंचा झाला. जुलैच्या अखेरीस आलेल्या वादळाने तो उडवून नेला. तंबूवाचून परतणे अशक्यच होते. वादळ ओसरल्यावर सुमारे पाऊण किलोमीटर अंतरावर तो जवळपास धडधाकट सापडला. छत्रीसारखा मिटल्यामुळेच तो फाटला नव्हता. परतीच्या वाटेवर बॉवर्स यांनी तंबूची दोरी स्वतःलाच बांधून घेतली. तिघेही जिवंत परतले.

तंबूची मर्यादाही याच मोहिमेने दाखवून दिली. दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स हे मार्च १९१२ मध्ये अन्नसाठ्यापासून अवघ्या सुमारे २० किलोमीटरवर वादळात अडकले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला त्यांचा तंबू बर्फात गाडलेला, पण उभाच असलेला आढळला. आत तिघांचे मृतदेह होते. तंबूने वारा थोपवला होता. अन्न आणि इंधनाची उणीव भरून काढणे त्याच्या हाती नव्हते. पथकाने दांडे काढून तेच कापड मृतांवर अंथरले आणि वर बर्फाचा ढीग रचला.

आजही ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षण संस्थेची पथके अशाच तंबूत राहतात. झरोका मोकळा ठेवण्याचा नियम मात्र कसोशीने पाळावा लागतो. बर्फाने तो बुजला आणि आत स्टोव्ह पेटता राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. या वायूला ना रंग असतो, ना वास.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातील मार्मागोवा बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर पोहोचली. भारतीय ध्रुवीय संशोधनाची सूत्रे आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. देश कोणताही असो, केंद्राची उबदार भिंत मागे सोडून बर्फावर मुक्काम करणाऱ्याला हाच धडा गिरवावा लागतो: झालर दाबलेली, झरोका मोकळा आणि इंधन पुरेसे.