जीवरसायन प्रयोगशाळा : नोंदलेखन व सुरक्षितता

जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगांची तारीखवार लेखी नोंद आणि ते प्रयोग करताना घ्यायची खबरदारी. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत नोंदीच्या वहीला ‘जर्नल’ म्हणतात. अभ्यासक्रमात हे दोन विषय वेगवेगळे शिकवतात, पण कामाच्या टेबलावर ते एकच असतात.

कच्च्या वहीत रीडिंग आले तसे, तिथल्या तिथे, शाईने लिहायचे. चुकले तर एका रेघेने खोडायचे, व्हाइटनर लावायचा नाही. उद्देश, तत्त्व, कृती, निरीक्षणे, आकडेमोड व निष्कर्ष असा पक्का अहवाल त्यावरून तयार होतो. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेल्या अहवालात हे सगळे रकाने भरलेले असतात. प्रयोग तेवढा नसतो.

मॅरियन ब्रॅडफोर्ड यांनी १९७६ मध्ये मांडलेली प्रथिनमापनाची पद्धत हे नेहमीचे उदाहरण. कूमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० या रंगद्रव्याचे तपकिरी द्रावण प्रथिन मिळताच निळे होते. त्याचे प्रकाशशोषण ५९५ नॅनोमीटरवर मोजतात. अल्ब्युमिनच्या ज्ञात प्रमाणांवरून आलेख काढला की प्रमाण वाढेल तसा तो वाकतो. तरी सगळे ठिपके पट्टीने सरळ रेषेत बसवण्याचा मोह होतोच. नमुन्यात एसडीएससारखा डिटर्जंट असला तर रीडिंग बिघडते, म्हणून बफरमध्ये काय काय होते हे लिहावेच लागते. अभिकर्मक बनवायला ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल लागते. साहित्याच्या यादीतली ही एक ओळ नीट वाचणारा गॉगल घालूनच बाटली उघडतो.

तोंडाने पिपेट ओढू नये आणि आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी नव्हे, हे पहिल्याच तासाला सांगतात. खरा धोका न जाणवणाऱ्या पदार्थांचा. जेलसाठी लागणारे ॲक्रिलामाइड गोठण्यापूर्वी चेतासंस्थेला घातक असते. फिनॉल त्वचा बधिर करते, त्यामुळे भाजल्याचे उशिरा कळते. द्रावणे टिकावीत म्हणून घातलेले सोडियम अझाइड बेसिनमध्ये ओतत राहिल्यास शिसे किंवा तांब्याच्या नळात स्फोटक संयुगे साचू शकतात. अझाइडचा आम्लाशी संपर्क आल्यास विषारी वायू सुटतो.

अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे थेंब पडले. लॅटेक्सचे मोजे घालून, धूरकपाटात, प्रचलित नियम पाळूनच त्या काम करत होत्या. तोल जाणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे काही महिन्यांनी दिसली. पारा अंगात कधी गेला हे ठरवताना प्रयोगवहीतली १४ ऑगस्टची नोंद उपयोगी पडली. केसांच्या तपासणीतूनही तोच काळ निघाला. जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. हे संयुग लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जाते, हे त्यानंतरच्या चाचण्यांत आढळले. मग अनेक पदरी प्लॅस्टिकचे मोजे आत व जाड मोजे वर घालण्याची आणि शक्य तिथे हे संयुग टाळण्याची शिफारस झाली.