आपत्काळ आणि परभाषी शेजारी : जपानातील दोन भूकंप

दिनांक 1 सप्टेंबर 1923 रोजी मध्यान्हीच्या सुमारास जपानच्या कांतो प्रदेशात भयंकर भूकंप झाला. तोक्यो व योकोहामा ही नगरे आगीच्या भक्ष्यस्थानी पडून सुमारे 1 लक्ष माणसे प्राणांस मुकली. परंतु अधिक लज्जास्पद प्रकरण त्यानंतरचे. कोरियन लोक विहिरींत विष कालवीत आहेत अशी वावडी उठली आणि ती शमविण्याऐवजी सरकारी तारायंत्रानेच ती दूरवर पोहोचविली. नाक्यानाक्यांवर शस्त्रधारी टोळ्या उभ्या राहिल्या. वाटसरूला अडवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे शब्द जपानीत उच्चारावयास लावीत. जीभ अडखळली की प्राणावर बेते. हजारो कोरियन आणि शेकडो चिनी अशा रीतीने मारले गेले. निराळ्या बोलीचे काही जपानीही त्यात सापडले! भूकंपाला दैवाधीन म्हणता येईल. ह्या हत्यांना नव्हे.

पुढे 17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबे नगर हादरले. मृतांची संख्या 6,400 वर गेली. तेथील नागाता विभागात पादत्राणांच्या कारखान्यांतून कोरियन व व्हिएतनामी कामकरी पुष्कळ. आश्रयस्थान कोठे, पाणी कोठे मिळणार, ह्या सूचना जपानीत निघत आणि त्यातील जड शब्द ह्या मंडळींना उमगत नसत. तेव्हा पंधरवड्याच्या आतच कोरियन रहिवाशांनी आपल्या भाषेत लहानसे नभोवाणी केंद्र चालू केले. ताकातोरी येथील कॅथलिक चर्च आगीत जळाले होते. तरी त्याच्याच आवारात मदतकेंद्र उभे राहिले, आणि तेथून व्हिएतनामी, स्पॅनिश, तागालोग आदी भाषांत वार्ता जाऊ लागल्या. अग्रशाळेत परगावच्या यात्रेकरूस थारा देण्याची रीत ज्या घराण्यांत चालत आली, त्यांना ह्याचे मोल निराळे सांगावयास नको. त्याच वर्षी दोन्ही केंद्रे एक झाली. विद्वानांनीही ‘सोपी जपानी’ सिद्ध केली; ‘आश्रयस्थान’ ह्या जड शब्दाऐवजी ‘पळून जाण्याची जागा’ असे म्हणावे, हा तिचा मासला.

जळालेल्या चर्चच्या जागी वास्तुशिल्पी शिगेरु बान ह्यांनी स्वयंसेवकांकरवी कागदी नळ्यांचे सभागृह उभारले. दहा वर्षांनी ते उतरविण्यात आले व तैवानातील ताओमी गावाला देण्यात आले. त्या गावाने 1999 चा भूकंप सोसला होता. सन 2008 मध्ये ते तेथे पुन्हा उभे राहिले.