थायरॉइडच्या नावावर खपणारी स्वप्नं

पूर्वी घरात कुणाला वाईट स्वप्नं पडू लागली, की मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत. डॉक्टरांपर्यंत गोष्ट गेलीच, तर 'टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकून माणूस परत येई. आता तिसरंच उत्तर तयार असतं: 'थायरॉइड तपासून घे.' रिपोर्टवर टीएसएचचा (थायरॉइड ग्रंथी मंदावली की वाढणाऱ्या हार्मोनचा) आकडा ठळक अक्षरांत आला, की सगळ्यांना हायसं वाटतं, कारण सापडलं! मग पुढची विधानं एकामागून एक येतात. थायरॉइडमुळे झोप बिघडते. थायरॉइडमुळे भयंकर स्वप्नं पडतात. थायरॉइडची गोळी रात्री घेतली तर झोप उडते. आणि एवढं करूनही स्वप्नं थांबत नसतील, तर डोस कमी पडतोय.

यांतलं पहिलं विधान बऱ्याच अंशी खरं आहे. त्याच्या आधारावर बाकीची तीन खपून जातात, आणि माझा वाद त्यांच्याशी आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी मान्य करू. विल्यम गल या डॉक्टरांनी १८७३ साली लंडनमध्ये सुजलेल्या, मंदावलेल्या प्रौढ स्त्रियांचं वर्णन केलं. पुढे १८८८ मध्ये तिथल्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने थायरॉइड ग्रंथी मंदावलेल्या अशा शंभराहून अधिक रुग्णांचा अहवाल काढला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांमध्ये भ्रम आणि भास नोंदलेले होते. १९४९ साली रिचर्ड ॲशर यांनी असे १४ रुग्ण मांडले, ज्यांचं वेड ग्रंथीच्या मंदपणातून आलं होतं आणि ज्यांच्यापैकी बहुतेकांना ग्रंथीच्या औषधाने गुण आला. गळ्यातली ग्रंथी मनावर अंमल गाजवू शकते, हे त्यामुळे निर्विवाद ठरलं. मग तीच ग्रंथी स्वप्नंही घडवत असेल, हा तर्क ओघानेच आला.

पण हा तर्क दोन ठिकाणी घसरतो. ते रुग्ण वर्षानुवर्षं उपचाराविना राहिलेले होते. बोलणं जड, कातडी जाड, शरीर थंडगार अशा अवस्थेला पोचलेले. वार्षिक तपासणीत ज्याचा टीएसएच सहा निघाला, त्याला त्यांच्या रांगेत बसवता येत नाही. आणि भास हा जागेपणीचा विकार आहे. जागेपणी नसलेलं दिसणं आणि झोपेत स्वप्न पडणं यांत वरवरचं साम्य असलं, तरी एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

मग थायरॉइड बिघडलेली माणसं 'हल्ली फार स्वप्नं पडतात' असं का सांगतात? ती खोटं बोलत नाहीत. पण स्वप्न पडणं आणि पडलेलं स्वप्न आठवणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि या वादातला सगळा गोंधळ त्या एक मानण्यातून होतो.

१९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकांना आढळलं, की झोपेच्या काही टप्प्यांत बंद पापण्यांखाली बुबुळं वेगाने फिरतात. चार वर्षांनी डिमेंट आणि क्लाइटमन यांनी माणसांना मुद्दाम उठवून विचारलं. बुबुळं फिरत असताना १९१ वेळा उठवलं, तर १५२ वेळा स्वप्न सांगता आलं. इतर झोपेतून १६० वेळा उठवलं, तर फक्त ११ वेळा. (नंतरच्या संशोधकांनी 'स्वप्न पडलं का' याऐवजी 'मनात काय चाललं होतं' असं विचारलं, तेव्हा इतर झोपेतही काही ना काही चालू असल्याचं दिसलं. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.) बुबुळं फिरणारी ही स्वप्नझोप रात्रीतून चार-पाच वेळा येते, साधारण दीड-दीड तासाने, आणि पहाटेकडे लांबत जाते. प्रौढ माणसाच्या एकूण झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा तिचा असतो. म्हणजे स्वप्नं प्रत्येकाच्याच वाट्याला रोज भरपूर येतात. ज्याला त्यांच्या मध्यावर जाग येते, त्याच्या ती लक्षात राहतात. पहाटेच्या स्वप्नाला आपल्याकडे एवढा मान आहे, त्याचं एक कारण हेच असावं. साखरझोपेत स्वप्नझोप जास्त, आणि उठायची वेळही तीच.

तेव्हा 'स्वप्नं वाढली' या तक्रारीचं पहिलं भाषांतर 'जाग वाढली' असं करायला हवं. आणि जाग वाढवण्याचं काम थायरॉइड उत्तम करते. ग्रंथी मंदावली की जिभेत आणि घशाच्या ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात, श्वासमार्ग अरुंद होतो, त्या भागाचे स्नायू सैल पडतात. वजन वाढलेलं असेल किंवा गलगंड असेल तर आणखी भर. माणूस घोरू लागतो आणि झोपेत त्याचा श्वास मधूनमधून अडतो. आता स्वप्नझोपेत शरीराचे बहुतेक स्नायू निसर्गतःच लुळे पडलेले असतात, त्यामुळे पुष्कळांचा श्वास नेमका त्याच टप्प्यात सर्वांत जास्त अडतो. गुदमरून जाग येते ती ऐन स्वप्नातून, आणि स्वप्न हातात घेऊनच. छाती धडधडतेय, घसा कोरडा आहे. स्वप्नात काहीही असो, ते भयंकर वाटणारच. ग्रंथी जास्त काम करत असेल तर वाट वेगळी. हृदयाचे ठोके जलद, घाम, उकाडा, हातांची थरथर; झोप लागायलाच उशीर आणि लागली तरी वरवरची. दोन्ही वाटा पोचतात एकाच ठिकाणी, तुटलेल्या झोपेपाशी. ग्रंथी स्वप्नाचा मजकूर लिहीत नाही.

इथे आपल्या न्यायशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावून बघता येते: कारण असताना कार्य दिसावं, कारण गेल्यावर कार्य जावं. केल्स आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ग्रंथी मंदावलेल्या रुग्णांची रात्रभराची झोप उपचारापूर्वी आणि नंतर नोंदवली. उपचारापूर्वी त्यांची गाढ झोप कमी होती आणि उपचारानंतर ती वाढली. कसोटीला उतरलं ते गाढ झोपेचं नातं. विशिष्ट प्रकारच्या स्वप्नांचं नातं या कसोटीला उतरल्याचं दाखवल्याशिवाय 'थायरॉइडची स्वप्नं' असा वर्ग काढण्याचा अधिकार कुणाला नाही.

कुणी चरकाचा दाखला देतं. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत शरीरातल्या दोषांतून उपजणारं 'दोषज' स्वप्न आहे, हे खरं. पण त्याच यादीत पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं यांतून येणारी स्वप्नं आधी मोजली आहेत, आणि ती पाच निष्फळ म्हणून वैद्याने बाजूला ठेवावीत असं सांगितलं आहे. चरक प्रत्येक स्वप्नाला दोषाचं लेबल लावत नाही. आपल्या लॅबवाल्या काळापेक्षा तो जास्त सावध आहे.

मोठी अडचण काकतालीय न्यायाची, म्हणजे योगायोगाची आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत (मुंबई आणि गोवा त्यांत होते) जवळजवळ ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडचं मंदत्व आढळलं. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांच्या तिपटीहून जास्त होतं. एवढा सर्रास आढळणारा हा विकार, आणि झोपेची तक्रार तर घरोघरची. ती दोन्ही एका माणसात भेटली तर नवल कसलं? त्यात चाळिशी-पंचेचाळिशीतल्या बाईला पाळी जाण्याच्या दिवसांत रात्री घाम फुटून जाग येते, पाय वळवळतात, आणि पाय वळवळण्यामागे बरेचदा अंगातलं कमी झालेलं लोह असतं. तिचा टीएसएच वाढलेला निघाला, की बाकी तपास तिथेच थांबतो. पण आकडा सुधारला की तक्रार जाते, असंही नाही. २०१७ साली युरोपात टीएसएच किंचित वाढलेल्या, पासष्टीपुढच्या ७३७ जणांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी देऊन पाहिली. आकडा सुधारला, पण थकवा आणि लक्षणं यांत दोन गटांत फरक पडला नाही.

आता औषधाकडे. ग्रंथी अतिकाम करत असेल तर धडधड आणि थरथर आवरायला प्रोप्रॅनोलॉल देतात. हे औषध मेंदूत सहज शिरतं, आणि ठळक, भयावह स्वप्नं हा त्याचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. अशा रुग्णाची स्वप्नं खरोखरच वाढू शकतात, पण ग्रंथीमुळे नव्हे, गोळीमुळे. ते औषध मनाने एकदम बंद करणं मात्र धोक्याचं; बदलून घ्यायचं ते डॉक्टरांकडूनच. 'कुठलं औषध चालू आहे?' हा एक प्रश्न विचारला गेला असता तर कितीतरी स्वप्नांचे अर्थ लावायचे कष्ट वाचले असते!

थायरॉक्सिनच्या गोळीची गोष्ट उलटी. ती रात्री घेतली तर झोप उडते, हे चहाच्या अनुभवावरून काढलेलं अनुमान आहे. चहाची तरतरी अर्ध्या तासात येते. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे एका रात्रीच्या गोळीने कुठलाच झटका बसत नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९० रुग्णांना तीन महिने सकाळी आणि तीन महिने झोपताना गोळी दिली. झोपताना घेतल्यावर रक्तातले आकडे अधिक चांगले आले आणि जगण्याच्या प्रतीत काही बिघाड दिसला नाही. सकाळी अनशापोटी घेण्याचा आग्रह शोषणासाठी आहे. रात्री घ्यायची तर जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावे लागतात, आणि आपल्याकडे साडेनवाला जेवून अकराला आडवं होणाऱ्याला ते जमत नाही, हा खरा अडथळा.

चौथं विधान सगळ्यांत महागात पडतं. स्वप्नं थांबत नाहीत म्हणून पन्नासची गोळी पंच्याहत्तरची होते, मग शंभरची. गरजेपेक्षा जास्त हार्मोन मिळू लागलं, की ग्रंथी अतिकाम करत असल्यासारखीच अवस्था होते: धडधड, घाम, उडालेली झोप. उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वेगळाच. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहाएक आठवडे लागतात, त्याआधी रक्त तपासलं तरी खरं चित्र दिसत नाही. पण झोप उडालेल्या माणसाला सहा आठवडे धीर नसतो. तो पंधरा दिवसांत दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि तिथे तो घोरतो का, हे शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारण्याआधी पुन्हा टीएसएचच लिहून मिळतो.