भस्मासुर, कालिया आणि घरातली जुनी डिस्क

  आज कर्ज नाही, व्याज नाही, हप्ताही नाही. आज राक्षसांच्या सिनेमांची गोष्ट सांगणार आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक काम मागणार आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून जुन्या सीडी, डीव्हीडी निघतात. काही भंगारवाल्याच्या गोणीत जातात, काही पाखरं हाकायला शेतात दोरीने टांगल्या जातात. आता कुणाला लागतात, सगळं मोबाइलवर दिसतं, असं आपण म्हणतो. या वर्षी त्या टाकण्याआधी एवढं ऐका.

कर्जत लोकलने मुंबईकडे निघालं की नेरळ, शेलू आणि मग वांगणी. १९१२ साली या वांगणीत दादासाहेब फाळक्यांची मंडळी ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रण करायला उतरली होती. तलवारी आणि भाले घेतलेली माणसं पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोरच आले. पाटलाकडे वर्दी गेली आणि मंडळींना अडवण्यात आलं. सिनेमा म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तर सांगून पटणार कसं? शेवटी फाळक्यांनी कॅमेरा दाखवला, नटांकडून प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली. फाळक्यांच्या चरित्रात ही हकीकत येते. त्यांचा या बाजूशी संबंध त्याआधीचा. आपला बोरघाट चढून वर गेलं की लोणावळा. तिथे १९०८ च्या सुमारास त्यांनी छपाईचा कारखाना काढला होता, तो पुढे दादरला नेला.

३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दादासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मात्र किती जणींना माहीत आहेत? सिनेमासाठी त्यांचे दागिने गेले. कच्ची फिल्म विलायतेहून यायची, तिच्या कडेला भोकं नसायची. ती भोकं अंधारात पाडावी लागत, ते काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं त्या कालवत. नटाच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. मैत्रिणींनो, अशी बाई आपल्या प्रत्येक गटात एक तरी आहे.

त्या सिनेमात तारामतीच्या कामाला एकही बाई मिळाली नाही. सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू घालवणं, असं सगळे समजत. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून तारामती झाले.

पण त्याच वर्षी फाळक्यांनी पुढचा सिनेमा हाती घेतला, ‘मोहिनी भस्मासुर’. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर मिळालेला राक्षस. मोहिनी त्याला नाचायला लावते, नाचता नाचता तो स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो आणि संपतो. आपल्या पडद्यावरचा हा अगदी सुरुवातीचा राक्षस. आणि याच सिनेमात पहिल्यांदा बायका पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई नाटकात काम करून मुलीला वाढवत होत्या. लोक नावं ठेवत होते, पण पोट भरायचं होतं. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या. त्याच पुढे कमलाबाई गोखले झाल्या. अभिनेते चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू.

हा सिनेमा बघावा म्हटलं तर आज बघता येत नाही. तो शिल्लकच नाही. भस्मासुराला नाचवणारी मोहिनी कशी नाचली, हे आता कुणालाच दिसणार नाही.

असं का झालं? जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती फार लवकर पेट घेते आणि उष्ण, दमट हवेत खराब होऊन चिकट होते. शिवाय तिच्यात चांदी असते. सिनेमा जुना झाला, थेटरात कुणी लावेना, की चांदी काढण्यासाठी रिळं विकली जात. आपल्या देशात हजाराच्या वर मूकपट बनले, त्यातले अगदी मोजके उरले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चारपैकी दोनच रिळं आहेत, आणि काही अभ्यासकांच्या मते तीसुद्धा १९१७ साली नव्याने काढलेल्या सिनेमाची आहेत. ‘आलम आरा’, १९३१ चा आपला पहिला बोलपट, तोही गेला.

मग जे राहिलं ते कसं राहिलं? कुणीतरी जपलं म्हणून. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ घ्या. यमुनेतल्या कालिया नागाशी झुंजणारा बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. हा सिनेमा आज बराचसा पाहायला मिळतो. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. तिथले पी. के. नायर गावोगाव फिरून रिळं शोधत. फाळके कुटुंबीयांकडे जाऊन त्यांनी ती मिळवली. घरच्यांनी आधी भंगारात घातली असती, तर नायर काय आणणार होते? आणि संग्रहालयात ठेवलं म्हणजे काळजी मिटली असंही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठारालाच आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं जळाली.

परदेशातही हेच. १९२२ साली जर्मनीत ‘नोस्फेरातू’ नावाचा रक्तपिपासू भुताचा सिनेमा निघाला. गोष्ट ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता उचललेली होती. लेखकाच्या विधवेने दावा लावला, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. पण काही प्रती आधीच दुसऱ्या देशांत गेल्या होत्या, म्हणून तो आज डिस्कवर मिळतो. याउलट १९२७ चा अमेरिकन भयपट ‘लंडन आफ्टर मिडनाइट’. त्याची माहीत असलेली शेवटची प्रत १९६० च्या दशकात आगीत जळाली. आता फक्त फोटो उरलेत.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. एक प्रत पुरत नाही, आणि दोन्ही प्रती एका जागी ठेवून चालत नाही. मोबाइलवरचा सिनेमा आज आहे, उद्या कंपनीने काढला की गेला. डिस्क आपल्या कपाटात राहते. घरात ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ असे प्रभातचे सिनेमे असतील तर ठेवा. मुलांसाठी ‘झपाटलेला’ ठेवा, तात्या विंचूचा बाहुला आपला मराठी राक्षसच आहे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मिळाला तर मुलींबरोबर बघा. फाळक्यांच्या घरातली धावपळ त्यात दिसते.

आपल्याकडे चार महिने पाऊस, भिंतींना ओल. डिस्क भिंतीला टेकवून ठेवू नका. कव्हरात उभी ठेवा, उन्हात ठेवू नका, कडेने धरा. पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवू नका.

आता ते काम. सिनेमांबरोबर लग्नाची, बारशाची, गटाच्या मेळाव्याची चित्रणंही त्याच डब्यात असतात. त्यातली आजी आता नसेल, तिचा आवाज तिथेच असेल. अशी डिस्क चालतेय तोवर तिची नक्कल पेन ड्राइव्हवर करून घ्या आणि एक नक्कल बहिणीच्या किंवा मुलीच्या घरी ठेवा. आणि कव्हरवर लिहा, साल कोणतं, गाव कोणतं, आणि दिसणाऱ्या बायकांची नावं, फक्त ‘सौ.’ आणि आडनाव नको, तिचं स्वतःचं नाव. आपण इतिवृत्त वहीत हजर सभासदांची नावं लिहितो, तसंच.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी डिस्क आणा. बचतीचा हिशेब झाला की बसून नावं लिहू.